भाग २३ : दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" जमतील तेवढे गाळलेत. मध्ये एका ठिकाणी आवाज आहे, तो शब्दांत सांगितलाय.)

आजचा भाग सॉफ्टवेअरवर नाही, पण थोडा माझ्या कामावर आहे आणि बराचसा माझ्या मावसबहिणीवर आहे. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूविज्ञान, म्हणजे जिऑलॉजी. तिचं नाव घेणार नाही, कारण तिनंच तशी अट घातली आहे.

झालं असं, की मागच्या महिन्यात घाटकोपरहून मावशीचा फोन आला. "अरे, तू तिला जरा समजाव. कॉलेजवाले नऊ दिवस सिंधुदुर्गात नेतायत, दगड बघायला. पैसे भरायचेत, राहायचं कुठे ते नीट सांगत नाहीत, आणि दगडच बघायचे तर आपल्या घाटकोपरच्या डोंगरावर काय कमी आहेत? तू कॉम्प्युटरवाला आहेस, तुझं ऐकेल ती."

खरं सांगतो, मी मावशीच्या बाजूनं होतो. माझं बीटेक कॉम्प्युटरमध्ये झालंय. आमची इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे एका कारखान्यात दोन तास चक्कर आणि मग लोणावळ्याला चिक्की. फील्ड ट्रिप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तेच आलं. शिवाय आता उपग्रहाचे फोटो आहेत, ड्रोन आहेत, फोनवर पृथ्वीचा कुठलाही कोपरा दिसतो. मग एसटीतून धक्के खात जायचं कशाला?

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू रविवारी माझ्याबरोबर चल. मग आईला जे सांगायचं ते सांग."

गिल्बर्ट हिल

मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून दोघं मेट्रोनं अंधेरी, मग रिक्षा. रिक्षावाल्याला "गिल्बर्ट हिल" म्हटलं की पुरतं. तुमच्यापैकी बरेच जण वरच्या गावदेवीच्या देवळात गेले असतील. मीही लहानपणी गेलोय. पण त्या काळ्या कड्याकडे, सुमारे २०० फूट उंचीच्या, मी कधी नीट बघितलं नव्हतं.

खाली उभं राहून बघा. तो कडा म्हणजे उभ्या खांबांची जुडी आहे. खांब कुणी घडवलेले नाहीत. तप्त लाव्हा थंड होताना आकसतो, आकसला की तडकतो. आटलेल्या तळ्यातला चिखल जसा पाच-सहा बाजूंच्या तुकड्यांत फुटतो, तसंच. फरक इतकाच, की इथे तडे आत आत जात राहतात आणि लांब खांब तयार होतात. अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरला असेच खांब आहेत.

एवढं मला नेटवरही मिळालं असतं. पण मग तिनं विचारलं, "खांब उभे आहेत. म्हणजे लाव्हा कुठल्या बाजूनं थंड झाला असेल?"

मी गप्प. उत्तर असं, की तडे नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत जातात. खांब उभे, म्हणजे थंड होणारा पृष्ठभाग आडवा: वरून हवा किंवा खालून जमीन. तोच लाव्हा एखाद्या उभ्या भेगेत शिरून गोठला असता, तर भिंती दोन्ही बाजूंना असत्या आणि खांब आडवे पडले असते. खांबांची दिशा बघून सहा कोटी वर्षांपूर्वी उष्णता कुठून बाहेर पडली ते कळतं. हे तिनं पुस्तकात दोनदा वाचलं होतं. पण डोक्यात बसलं ते पहिल्या वर्षी सरांनी इथेच उभं करून हाच प्रश्न विचारला आणि सगळ्या वर्गाचं उत्तर चुकलं तेव्हा.

मग मी माझं ज्ञान पाजळलं. "हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे." नेटवर सगळीकडे ६ कोटी ६० लाख असाच आकडा आहे. ती हसली. डेक्कन ट्रॅपचा मुख्य उद्रेक साधारण तेव्हाचा, हे खरं. पण ह्या टेकडीच्याच दगडाचं वय मोजलेलं आहे. २००१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध झालं: सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं, १२ लाख इकडेतिकडे. म्हणजे मुख्य उद्रेकानंतर कितीतरी लाख वर्षांनी मुंबईत पुन्हा लाव्हा वर येत होता. एका टेकडीनं गोष्टीत एक अख्खं प्रकरण वाढवलं.

आता मुद्दा बघा. वय मोजतं ते प्रयोगशाळेतलं यंत्र. पोटॅशियमचा एक प्रकार ठरावीक वेगानं बदलून आरगॉन वायू होतो, तो वायू दगडात अडकून राहतो आणि यंत्र त्याचं प्रमाण मोजतं. पण दगड कुजलेला असेल, पाणी मुरून त्याची खनिजं बदललेली असतील, तर यंत्र चुकीचं वय तितक्याच आत्मविश्वासानं छापून देतं. यंत्रात कुठला तुकडा घालायचा, हे ठरवतो कड्यापाशी उभा राहिलेला माणूस. आमच्या धंद्यात म्हणतात ना, कचरा घातला तर कचराच बाहेर येणार. इथे कचरा ओळखायची जागा डोंगरावर आहे.

हातोडीचा आवाज

मी म्हटलं, मग तोड की एक तुकडा. ती म्हणाली, "दादा, हा हेरिटेज आहे. इथे हातोडी पिशवीतच." २००७ मध्ये महापालिकेनं गिल्बर्ट हिलला दुसऱ्या श्रेणीचा वारसा म्हणून जाहीर केलं. त्याआधी आजूबाजूचा डोंगर खाणीत गेला होता. जोगेश्वरीच्या दिशेनं अशाच खांबांची रांग होती म्हणतात, तीही गेली. भूविज्ञानात दोन दगड एकमेकांना भेटतात ती रेषा सगळ्यात महत्त्वाची असते, कारण आधी कोण आलं आणि नंतर कोण, ते तिथेच कळतं. आजूबाजूचा दगडच गेला, की ती रेषाही गेली. मग ती कुठल्या कॅमेऱ्यात सापडणार?

हातोडी बाहेर आली ती पुढच्या गल्लीत. एका इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू होतं आणि दगडांचा ढीग बाहेर पडला होता. वॉचमनला विचारून तिनं दोन दगडांवर हातोडी मारली, मी फोनवर रेकॉर्ड केलं. (इथे आवाज आहेत. पहिला टण्ण, घंटेसारखा. दुसरा भद्द, ओल्या लाकडावर मारल्यासारखा.)

पहिला ताजा, घट्ट काळा पाषाण. दुसरा बाहेरून तसाच दिसणारा, पण आतून सडत चाललेला. हाच आणखी सडला की आपण त्याला मुरूम म्हणतो. दोघांचा फोटो काढा, जवळपास सारखाच दिसेल. पावसात राहून मुंबईतले सगळेच दगड बाहेरून काळे आणि शेवाळलेले असतात. कॉलेजच्या ट्रेमधले नमुने स्वच्छ, एकेक लेबल लावलेले. बाहेर पहिल्या दिवशी मुलं भांबावतात, कारण लेबल कुठेच नसतं. कुजलेला थर फोडून आतला ताजा दगड बघायचा, भिंगातून खनिजं ओळखायची, पांढऱ्या ठिपक्यावर पातळ अ‍ॅसिडचा थेंब टाकून फसफसतो का ते बघायचं. ही हाताची, कानाची सवय आहे. पोळी लाटायला व्हिडिओ बघून शिकलेल्या माणसाच्या पहिल्या दहा पोळ्या आठवा.

उतरतं छप्पर आणि माझा हिरवा चौकोन

आता माझी गोष्ट, जरा लाजिरवाणी.

मी जिथे काम करतो तिथे मागच्या वर्षी आम्ही दरडीच्या धोक्याचा नकाशा बनवायचं एक सॉफ्टवेअर केलं. उपग्रहाच्या उंचीच्या माहितीतून उतार किती तीव्र ते काढायचं, पाऊस घालायचा, आणि प्रत्येक चौकोनाला रंग द्यायचा: लाल, पिवळा, हिरवा. एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटर. रंग देणारा कोड मी लिहिला होता. दाखवायला म्हणून नमुन्याचा नकाशा केला तो घाटकोपरच्या बाजूचाच.

परतताना मी तिला तो अभिमानानं दाखवला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "थर कुठल्या बाजूला झुकलेत ते ह्याला कसं कळतं?"

हे समजून घेऊ, कारण फील्डवर सगळ्यात आधी हेच मोजायला शिकवतात. लाव्हा एकावर एक थरांत साचला. कोकणातल्या घराचं उतरतं छप्पर डोळ्यांसमोर आणा. त्यावर पावसाचं पाणी ज्या बाजूला आणि जितक्या कोनात उतरतं, ते म्हणजे थराचा डिप. त्याला काटकोनात छपरावर काढलेली बरोबर आडवी रेघ म्हणजे स्ट्राइक. होकायंत्र आणि कोनमापक एकत्र असलेल्या एका छोट्या यंत्रानं हे दोन्ही मोजतात. वर घाटावर लाव्हाचे थर जवळपास आडवे आहेत. मुंबईत मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला झुकलेले आहेत.

आता एक डोंगर घ्या, दोन्ही बाजूंना सारखाच उतार. पश्चिमेच्या बाजूला थर उताराच्याच दिशेनं झुकलेत, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या ताटल्या तिरक्या धराव्यात तसे. पूर्वेच्या बाजूला तेच थर डोंगराच्या आत झुकलेत. दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा लाल, मातीसारखा पट्टा असेल आणि त्यावर पाणी साचलं, तर पश्चिमेची बाजू आधी घसरणार. माझ्या कोडनं दोन्ही बाजूंना एकच रंग दिला होता. कारण त्याला दिसत होता फक्त वरचा पृष्ठभाग.

"आणि दुसरं म्हणजे," ती म्हणाली, "मुंबईत बरेचदा दगड घसरतच नाही. घसरते ती वरची माती आणि टाकलेला भराव." मग आम्ही घरी जायच्या आधी नकाशातल्या एका हिरव्या चौकोनापाशी गेलो. मावशीच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं.

मी बघितली एक वस्ती, एक संरक्षक भिंत, वर झाडं. तिनं वहीत लिहिलं ते असं: भिंतीचं पोट पुढे आलंय. पाणी निघायला ठेवलेली भोकं मातीनं बुजलीत. वरचा विजेचा खांब कललाय. गेले चार दिवस पाऊस नाही, तरी पायथ्याशी ओल आहे. वर पक्का कातळ नाही, विटांचे तुकडे मिसळलेला भराव आहे. शेजारच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, हे पाणी दोन वर्षांपासून येतंय, आधी नव्हतं.

हे सगळं माझ्या एका चौकोनाच्या आत होतं. सरासरी उतार कमी, म्हणून हिरवा. तिथे पंचवीस-तीस घरं असतील.

घाटकोपरला हे सांगावं लागत नाही. २००० सालच्या जुलैमध्ये तिथल्या डोंगरउतारावरची वस्ती दरडीखाली गेली आणि साठहून जास्त माणसं गेली. २६ जुलै २००५ ला साकीनाक्यालाही तेच झालं. आणि १९ जुलै २०२३ ची रात्र आठवा, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. २७ मृतदेह मिळाले, पन्नासहून जास्त माणसं सापडलीच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ह्या वाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनंच तेव्हा सांगितलं.

यादी आणि नकाशे लागतातच. महाराष्ट्रातला प्रत्येक उतार कुणी पायी फिरून बघू शकत नाही, तिथे उपग्रहच कामाला येतो. मी माझं काम सोडून देणार नाहीये. पण आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक रकाना वाढवलाय: "प्रत्यक्ष पाहणी झाली का? कोणी, कधी?" जिथे नाही, तिथे हिरवा रंग येतच नाही, करडा येतो. टीममध्ये त्यावरून बरीच वादावादी झाली, कारण डेमोमध्ये नकाशा आता फारच करडा दिसतो. त्या भिंतीची तक्रार आम्ही त्याच संध्याकाळी नोंदवली. तक्रार क्रमांक मिळालाय. भिंत अजून तशीच आहे.

मग सिंधुदुर्गच का?

मावशीच्या प्रश्नाकडे येतो. घाटकोपरला दगड आहेत, तर लांब कशाला?

कारण महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून जास्त भाग एकाच जातीच्या दगडानं झाकलाय, बेसाल्टनं. मुंबईत थोडं वैविध्य मिळतं. कान्हेरीची लेणी कोरली आहेत त्या ब्रेशियात लाव्हाचे अणकुचीदार तुकडे राखेत घट्ट बसलेले दिसतात. मनोरीकडे फिकट रंगाचा ट्रॅकाइट आहे. पण सगळं ज्वालामुखीचंच. इथेच शिकलेल्या मुलीनं ग्रॅनाइट जागेवर पाहिलेला नसतो, घड्या पडलेले खडक पाहिलेले नसतात. म्हणजे फक्त वरणभात चाखून आचारी व्हायचं.

सिंधुदुर्गात एका जिल्ह्यात जुने नाइस आणि ग्रॅनाइट आहेत, त्यांवर साचलेला कळादगी काळातला वालुकाश्म आहे, रेडीचं लोहखनिज आहे आणि सगळ्यांच्या डोक्यावर जांभा. कोट्यवधी वर्षांचं अंतर असलेले दगड एकमेकांना टेकलेले बघायचे तर तिथे जायलाच हवं.

आणि नऊ दिवस का? कारण पहिले दोन दिवस फक्त चुका होतात. तिसऱ्या दिवशी नकाशा काढायला घेतात. प्रत्येक गटाला एक तुकडा: पायी फिरायचं, जिथे दगड दिसेल तिथे मोजायचं, आणि मधल्या जागेत, जिथे शेत किंवा झाडी आहे, तिथे जमिनीखाली काय असेल ते अंदाजानं जोडायचं. दिसतंय तिथे सलग रेघ, अंदाज आहे तिथे तुटक रेघ. संध्याकाळी शिक्षक विचारतात, ही रेघ सलग का काढलीस? तू तिथे गेली होतीस का? नसेल गेली तर उद्या सकाळी जा.

हे ऐकून मला हेवा वाटला. आपल्या कॉलेजात आपल्याला असं कुणी विचारलं होतं?

तिची वही बघितली मी. पेन्सिलनं लिहिलेली, कारण शाई पावसात पसरते. आधी जागा, मग दिशा, मग माप. स्केचच्या शेजारी हातोडी काढलेली, आकार कळावा म्हणून. डाव्या पानावर जे दिसलं ते, उजव्या पानावर त्याचा अर्थ काय असेल ते. चुकलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारून ठेवायचं, म्हणजे काय समज होता आणि तो का बदलला ते नंतर कळतं. आम्ही ह्यालाच व्हर्जन कंट्रोल म्हणतो आणि त्याचे पगार घेतो.

नोकरीचंही सांगतो, कारण मावशीचा खरा प्रश्न तो होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात यूपीएससीच्या परीक्षेतून निवड होते आणि नंतर दरवर्षी कित्येक महिने कॅम्पवर राहावं लागतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरी आणि पाण्याच्या पातळ्या बघते. आणि आपल्या डोळ्यांसमोर बघा, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि ठाणे-बोरिवली हे दोन्ही बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून आहेत. बोगदा सुरुंग लावून खणतात तिथे प्रत्येक स्फोटानंतर एक भूवैज्ञानिक नव्या उघड्या भिंतीपाशी जातो, भेगा किती, कुठल्या दिशेच्या, पाणी येतंय का, ते नोंदवतो. छताला आधार किती द्यायचा ते त्यावर ठरतं. त्या माणसानं आयुष्यात पहिली भेग तिथेच बघितलेली असावी, असं तुम्हाला वाटतं का? खाली कामगार उभे असतात.

मावशीचंही बरोबर होतं

पण मावशीला वेड्यात काढायचं कारण नाही. तिनं विचारलेले प्रश्न खरे होते. मुक्काम कुठे? बरोबर बाई शिक्षिका आहेत का? दिवसभर डोंगरावर मुलींनी बाथरूमला जायचं कुठे? पैसे नसलेल्या मुलांचं काय? माझ्या बहिणीच्याच वर्गातल्या एका मुलीनं पैशांपायी नाव दिलं नव्हतं. फील्डचे मार्क असतात, म्हणजे ज्याच्या घरी जमत नाही त्याचे मार्कही जातात आणि शिकणंही. कॉलेजांनी हे आधीच लिहून दिलं, तर निम्मी घरं तिथेच हो म्हणतील. २०२० आणि २०२१ मध्ये सहली बंद होत्या, तेव्हा मुलांनी फोटोंवर भागवलं. नाइलाज होता. पण तेव्हा चाललं म्हणून आता पैसे वाचवायला तेच करू, असं कुणी म्हणालं, तर तुम्ही आम्ही विरोध करायला हवा.

मी मावशीला फोन केला नाही. घरी गेलो, चहा घेतला, आणि तिला त्या भिंतीपाशी घेऊन गेलो. मुलीनं आईला बुजलेली भोकं दाखवली, कललेला खांब दाखवला. मावशी त्या रस्त्यानं रोज भाजी आणायला जाते. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे तुला कॉलेजात शिकवलं?"

"कॉलेजात नाही गं आई. बाहेर नेलं तेव्हा."

संमतीपत्रावर सही झाली, दोन अटींवर. मुक्कामाचा पत्ता लिहून द्यायचा, आणि रोज रात्री फोन. दुसरी अट तिथल्या रेंजनं पाळली नाही, त्यावरून नऊ दिवसांत मला किती फोन आले ते विचारू नका. ती परत आली ती उन्हानं रापून, गुडघा खरचटून, आणि वहीत एका रेघेवर काट मारून. रेघेखाली लिहिलं होतं, "इथे गेले नव्हते. गेल्यावर वेगळंच निघालं."

तर मंडळी, ह्या रविवारी जमलं तर गिल्बर्ट हिलला जाऊन या. खालून बघा, खांब कुठल्या दिशेला आहेत ते. आणि तुमच्या घरामागे उतार असेल, संरक्षक भिंत असेल, तर तिची भोकं बुजलीत का, एवढं बघून या. बुजली असतील तर तक्रार करा, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.